महागड्या स्पोर्ट्स कारचे मालक त्या गाड्या खरंच चालवतात का? किती वेळा?

तुम्ही विचारलंय की घरादाराच्या किमतीची स्पोर्ट्स कार घेणारी माणसं ती नेमकी किती वेळा बाहेर काढतात, की नुसती झाकून ठेवतात. आधी आकडा सांगतो: महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा. तेही तास-दीड तास.

गेली अकरा वर्षं मी अशा गाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतोय. जॉब कार्डवर गाडीचा नंबर लिहिला की लगेच रनिंग लिहायचं असतं, त्यामुळे हा आकडा माझ्या रोज डोळ्यांसमोर असतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या वर्षाला दोन ते चार हजार किलोमीटरच्या पुढे जात नाहीत. रोज वापरातली साधी गाडी तेवढं तीन-चार महिन्यांत सहज पळते.

मालकांना हौस नसते म्हणून असं होतं, हे मात्र खरं नाही. हौस भरपूर असते. पण गाडी बाहेर काढणं हाच एक उपद्व्याप असतो. कव्हर काढा, बॅटरीला लावून ठेवलेला चार्जर सोडवा, टायरची हवा बघा. मग निघायचं कुठे? रस्ता निवडताना आपल्याला कुठे जायचंय हे नंतर येतं, वाटेत गतिरोधक किती आहेत हे आधी, कारण या गाड्या जमिनीला अगदी लागून असतात. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये बटण दाबलं की पुढचा भाग चार-पाच सेंटिमीटर वर उचलला जातो, ती मोठी सोय आहे. पण बटण दाबायला विसरलात की खालून जो ‘खर्रर्र’ आवाज येतो तो मालकाच्या काळजात जातो. माझ्याकडचं अर्धं काम त्या आवाजाचंच असतं म्हणा ना.

पोचल्यावर गाडी लावायची कुठे हा पुढचा प्रश्न. एक गिऱ्हाईक मला म्हणाले, “बायकोला घेऊन जेवायला गेलो होतो. ती जेवली, मी गाडीकडे बघत बसलो.” कोणी बॉनेटला टेकून फोटो काढतं, कोणी शेजारी गाडी लावून दार धाडकन उघडतं. पुढच्या वेळी ते साध्या गाडीने गेले.

आत बसून मागचं दिसणं हा तर विनोदच आहे. लॅम्बोर्गिनी काउंटाशचं (1974 ते 1990) उदाहरण घ्या. ती मागे घ्यायची तर दार वर उचलून, उंबऱ्यावर बूड टेकवून, मान बाहेर काढून घ्यायची अशी पद्धतच पडली होती. असली गाडी घेऊन किरकोळ कामाला कोण जाणार?

शिवाय गर्दीत क्लच. आधीच्या पिढीतल्या बऱ्याच गाड्यांत गिअर स्टिअरिंगमागच्या पट्टीने (पॅडलने) बदलतात, पण आत साधा एकच क्लच असतो आणि तो कॉम्प्युटर दाबतो-सोडतो. रांगेत इंच इंच सरकताना तो सतत अर्धवट घासत राहतो. चढावर रिव्हर्स घेतलीत तर विचारूच नका. कॉम्प्युटर जोडला की क्लच किती टक्के झिजलाय ते स्क्रीनवर दिसतं, आणि तो आकडा बघताना मालकाचा चेहरा मुलाचं प्रगतिपुस्तक हातात घेतल्यासारखा होतो. पुढे ड्युअल क्लच, म्हणजे एकाऐवजी दोन क्लच आले (फेरारी 458 मध्ये 2009 साली, लॅम्बोर्गिनी हुराकानमध्ये 2014 साली) आणि हा त्रास बराच कमी झाला. त्यामुळे नव्या गाड्यांचं रनिंग जुन्यांपेक्षा जास्त दिसतं.

आता जे बाहेरून दिसत नाही ते सांगतो. गाडी कमी चालवली की ती जपली जाते, असं सगळ्यांना वाटतं. मला उलटं दिसतं.

काही वर्षांपूर्वी एक साहेब आले. गाडी नऊ वर्षांची, रनिंग चार हजार शंभर. रंग असा की त्यात तोंड बघावं. तक्रार एवढीच, की ब्रेक मारताना थरथरते. लिफ्टवर चढवली आणि आधी टायर बघितले. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. चारही टायर गाडीबरोबर आलेले, म्हणजे नऊ वर्षांचे. नक्षी नव्यासारखी खोल, पण बाजूला केसासारख्या बारीक भेगा आणि रबर इतकं कडक की नख रुतेना. मग ऑइलचं झाकण उघडलं. आतून पिवळट साय धरलेली.

“साहेब, गाडी जागच्या जागी सुरू करून ठेवता का?”

“दर रविवारी. न चुकता दहा मिनिटं,” ते अभिमानाने म्हणाले.

तिथेच घोळ होता. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणीही तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडं इंजिनात उतरतं. ऑइल नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापून तसंच काही वेळ राहिलं तरच ते उडून जातं. उभ्या गाडीत दहा मिनिटांत ऑइल तेवढं तापतच नाही. म्हणजे हे साहेब नऊ वर्षं दर रविवारी इंजिनात थोडं थोडं पाणी सोडत होते, आणि उभ्या उभ्या दहा मिनिटांत बॅटरीही पुरती भरत नाही. ब्रेकचं म्हणाल तर पॅड जिथे डिस्कला टेकून राहिले होते तिथे गंजाचा पट्टा उमटला होता. थरथर त्याचीच.

टायरबद्दल मी जरा जास्तच कडक बोलतो, त्याला कारण आहे. 2013 साली ज्या पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र दोघेही गेले, तिचे टायर नऊ वर्षांचे होते. तपासात मुख्य कारण बेफाम वेग हेच ठरलं, ते खरंच आहे. पण सहाशेहून जास्त हॉर्सपॉवरच्या गाडीखाली म्हातारं रबर असू नये, हे सांगायला मला तपास अहवाल लागत नाही.

या गाड्यांची बरीच कामं किलोमीटरवर ठरतच नाहीत, कॅलेंडरवर ठरतात. फेरारी 355 चा टायमिंग बेल्ट (इंजिनातले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) काही वर्षांनी बदलावाच लागतो आणि त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. गाडी पाचशे किलोमीटर पळालेली असो वा वीस हजार. (पुढे 360 मध्ये सीटच्या मागचं झाकण काढून हात पोचायला लागला, आणि 430 पासून बेल्ट जाऊन चेन आली. आमच्या पाठी तेवढ्याच वाचल्या.) मॅक्लारेन एफ1 या स्पोर्ट्स कारमध्ये पेट्रोलची टाकी म्हणजे रबरी पिशवी असते, ती दर पाच वर्षांनी बदला, तिथेही इंजिन बाहेर. नव्या फेरारींनाही वर्षातून एकदा किंवा वीस हजार किलोमीटरला सर्व्हिस सांगितलेली असते, आणि वीस हजार आधी होण्याचा योग मी अजून पाहिलेला नाही.

मग होतं काय, की गाडी उभी राहते, उभी राहिली म्हणून काहीतरी बिघडतं, बिघडेल या धास्तीने ती लांब नेत नाहीत, म्हणून आणखी उभी राहते.

त्यात विकण्याचा हिशेब येऊन बसतो. मीटर पुढे सरकला की भाव खाली येतो, हे प्रत्येक मालकाला पाठ असतं. मोजक्याच बनलेल्या गाड्यांचं तर विचारू नका. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली गाडी मी स्वतः हाताळलीय. ती गाडी नव्हेच, तिजोरीतला दागिना. आणि एकाच्या दारात सहा गाड्या असल्या तरी चालवणारे पाय दोनच. फिरायचे दिवस सहा जणींत वाटले जातात. रोजच्या कामाला त्यांच्याकडे आरामशीर, उंच गाडी असतेच. लॅम्बोर्गिनीने 2017 साली उरुस ही तसली उंच गाडी आणली ती या गिऱ्हाइकाला ओळखूनच.

भरपूर चालवणारेही आहेत बरं का. ‘मिस्टर बीन’वाले रोवन ॲटकिन्सन यांनी 1997 मध्ये मॅक्लारेन एफ1 घेतली. अशा गाड्या जगात एकूण 106 बनल्या. त्यांनी ती दोनदा ठोकली, 1999 आणि 2011 मध्ये. दुसऱ्या वेळेला दुरुस्तीलाच वर्षावर काळ लागला. तरीही चालवत राहिले आणि 2015 मध्ये विकली तेव्हा रनिंग 41 हजार मैल, म्हणजे साधारण 66 हजार किलोमीटर होतं, आणि भाव घेतल्याच्या कित्येक पट आला. या जातीच्या गाडीसाठी हे अफाट रनिंग समजलं जातं. पण भागाकार करून बघा: अठरा वर्षांत 66 हजार, म्हणजे वर्षाला साडेतीन हजारांच्या थोडं वर. जगात गाजलेला चालवणारा माणूससुद्धा माझ्या जॉब कार्डांच्या आकड्यातच बसतो.

रोज चालवायचीच असेल तर त्यासाठी वेगळ्या गाड्या आहेत. 1990 ची होंडा एनएसएक्स: ॲल्युमिनियमची बॉडी, व्ही6 इंजिन, चारी बाजूंना नीट दिसतं आणि सकाळी सेल्फ मारला की मुकाट सुरू होते. मॅक्लारेन एफ1 ज्यांनी घडवली ते गॉर्डन मरे स्वतः कित्येक वर्षं एनएसएक्स वापरत होते. पोर्शे 911 वाले तर वेगळीच जमात. माझ्याकडे एक डॉक्टर येतात, त्यांच्या 911 चं रनिंग एक लाख ऐंशी हजार आहे. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड झिजून पांढरी पडलीय आणि मागच्या सीटवर कायम फायलींचा ढीग. त्या गाडीला मी दरवर्षी ऑइल, फिल्टर, पॅड यापलीकडे फारसं काही करत नाही. चारही टायर मात्र तिला दर दोन वर्षांनी नवे लागतात.

त्या ऑइलमध्ये साय धरलेल्या गाडीच्या साहेबांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. टायर, ब्रेक डिस्क, ऑइल, बॅटरी सगळं बदललं. किल्ली देताना म्हटलं, “साहेब, रविवारी उभ्या जागी सुरू करायची नाही. दोन आठवड्यांतून एकदा काढा, पण चाळीस मिनिटं सलग चालवा. ऑइलचा काटा नव्वदला पोचल्याशिवाय परत फिरायचं नाही.” त्यांनी विचारलं, “आणि पाऊस असला तर?” म्हटलं, “मग वायपरचीही परीक्षा होईल.”

तेव्हापासून एक रविवार सोडून एक, सकाळी सातच्या सुमारास त्यांचा मेसेज येतो. शब्द नसतो, नुसता मीटरचा फोटो. परवाच्या फोटोत काटा नव्वदवर होता, रनिंग 11,640, आणि काचेवर चिलटं चिकटलेली.