बचत गट वाढवावा की दुसरा काढावा?

प्रश्न : ताई, गोव्यात झुआरीनगरात आमचा 12 जणींचा बचत गट आहे. आम्ही घरकाम, इमारतीवरची कामं करतो. आता गल्लीतल्या आणखी 14 जणी यायचं म्हणतात, कारण सावकार महिन्याला शेकडा दहा घेतो. त्यांच्या खात्याचं बँकेत विचारलं, तर सगळ्यांची कागदपत्रं मागितली. निम्म्यांच्या आधारवर गावचा पत्ता आहे. काय करावं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : त्यांचा वेगळा गट काढा. नोंदणी नसलेल्या गटात 20च्या वर सभासद घेता येत नाहीत. शिवाय एवढ्या गर्दीत गरीब बाईला बोलायची पाळीच येत नाही. तुमच्यातली हिशोब पक्का असलेली एकजण सुरुवातीला त्यांच्यात बसू दे, पण वही मात्र त्यांच्यातल्याच कुणाला तरी लिहू दे.

गटाचं बचत खातं उघडताना सगळ्या सभासदांची केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याच्या कागदपत्रांची तपासणी, लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. शाखा व्यवस्थापकांना हे ठामपणे सांगा, नाही म्हणाले तर लेखी मागा. गृहिणींना दरमहा पैसे देणाऱ्या गोवा सरकारच्या गृहआधार योजनेला 15 वर्षांचा रहिवास लागतो, म्हणून आपल्यासाठी कुठलंच दार उघडं नाही असं समजून कितीतरी बायका घरी बसतात. या खात्याला तसली अट नाही, हे त्यांना घरोघर जाऊन सांगा.

पापड-लोणच्याच्या धंद्याची घाई नको. आधी सावकाराच्या कर्जातून सुटा. 5,000 रुपयांवर तो महिन्याला 500 घेतो. गटाने शेकडा दोनने दिले तर 100 होतात आणि तेही गटातच राहतात. मुलांची फी, आजारपण, चवथीचा (गणपतीचा) खर्च, यासाठीच आधी कर्ज द्या.

बँक कर्ज देताना साधारण सहा महिन्यांचा व्यवहार बघते : बैठका, बचत, आपसातलं कर्ज, परतफेड आणि वही. तुमच्याकडे गाडी अडते ती मे महिन्यात, अर्धी गल्ली गावी जाते तेव्हा. त्या महिन्याची बचत एप्रिलमध्येच घ्या आणि मागे राहतील तेवढ्यांनी बैठक घ्याच.

झुआरीनगर सांकवाळ पंचायतीत येतं, म्हणून बचत गटांसाठीच्या सरकारी ग्रामीण उपजीविका अभियानाची चौकशी मुरगावच्या गट विकास कार्यालयात करा. वास्कोतलं बायणा पालिकेत येतं, तिथल्या ओळखीच्या बायकांचं ऐकून पालिकेत खेटे घालू नका. जाताना दोन्ही गटांच्या वह्या आणि ठरावाची प्रत बरोबर न्या, आणि नव्या गटातल्या दोघींना घेऊनच जा.