नाशिकसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या शहराने वाहतुकीचं नियोजन कुठून सुरू करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नाशिक चारही बाजूंनी वाढतंय, मेट्रो निओची (मेट्रोसारखी वरच्या मार्गावरून धावणारी विजेची बस) घोषणा होऊन वर्षं उलटली, सिटीलिंकच्या, म्हणजे महापालिकेच्या बससेवेच्या बस आहेत पण पुरत नाहीत, मग पुढच्या वीस वर्षांचा विचार केला तर शहराने आधी काय हातात घ्यावं, आणि पुण्याकडून काही शिकण्यासारखं आहे का. मी पुण्यात राहतो आणि वाहतुकीचे सर्व्हे, नियोजन हेच माझं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

माझं उत्तर बस हे आहे. आणि बस म्हणजे ताफ्यात किती गाड्या आहेत तो आकडा नाही, स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाला किती वेळ थांबावं लागतं ते. शहरातले आठ-दहा मुख्य रस्ते निवडायचे आणि तिथे सकाळी सहा ते रात्री अकरा दर दहा मिनिटांना बस मिळणारच, टाइमटेबल बघायची गरजच नाही, एवढी एक गोष्ट आधी पक्की करायची. फुटपाथ, पार्किंग, मेट्रो, नवीन वस्त्यांचे रस्ते, हे सगळं त्याच्या भोवती रचायचं. आपल्याकडे उलटं होतं, आधी मोठा प्रकल्प ठरतो आणि बस "उरलेल्या पैशात बघू" म्हणून मागे राहते.

फ्रीक्वेन्सीवर मी एवढा अडून का बसतो ते सांगतो. स्टॉपवर उभं राहून गाड्यांच्या नोंदी घ्यायला लागलं की एक प्रकार हमखास दिसतो. कागदावर रूटची बस दर आठ मिनिटांना असते, प्रत्यक्षात वीस-पंचवीस मिनिटं काहीच येत नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन गाड्या एकामागे एक येतात, पहिलीला माणसं दारात लटकलेली, दुसरी निम्मी भरलेली आणि तिसरी जवळजवळ रिकामी. ड्रायव्हर मुद्दाम असं करत नाहीत. पहिली गाडी सिग्नलला किंवा डबल पार्किंगमध्ये पाच मिनिटं अडकली की पुढच्या प्रत्येक स्टॉपवर तिच्यासाठी जास्त माणसं साचतात, चढायला-उतरायला जास्त वेळ लागतो, ती अजून मागे पडते आणि मागची तिला येऊन गाठते. तोपर्यंत स्टॉपवरची निम्मी माणसं शेअर रिक्षात बसून गेलेली असतात. दिवसभराच्या फेऱ्या मोजल्या तर आकडा बरोबर येतो, म्हणजे रिपोर्टमध्ये सगळं छान, पण प्रवाशाच्या दृष्टीने ती सेवा दर पंचवीस मिनिटांची झालेली असते.

आता यातलं पैशाचं गणित बघा, कारण महापालिकेत शेवटी प्रश्न तिथेच येतो. समजा रूट १५ किलोमीटरचा आहे आणि बसचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर. जायला एक तास, यायला एक तास, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं थांबा, म्हणजे १४० मिनिटांचा एक फेरा. दर दहा मिनिटांना बस द्यायची तर १४ गाड्या लागतात. ट्रॅफिकमुळे वेग ताशी १० वर आला तर तोच फेरा २०० मिनिटांचा होतो आणि तीच दहा मिनिटांची सेवा द्यायला २० गाड्या लागतात. सहा गाड्या जास्त, त्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर जास्त, आणि प्रवाशाला मात्र आधीपेक्षा वाईट सेवा. म्हणून बसला मोकळी लेन देणं हे बसवर उपकार करणं नाही, महापालिकेचा थेट पैसा वाचवणं आहे. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावर एका लेनमधून तासाला हजार कार गेल्या तरी खूप झालं, आणि कारमागे दीड-दोन माणसं धरली तरी दोन हजारांच्या आतच. त्याच लेनमधून मिनिटाला एक बस गेली आणि तिच्यात साठ माणसं असली तर ३,६०० होतात.

इथे पुण्याची गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी राखलेली लेन, आमच्याकडेच, २००६ च्या शेवटी कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर. कल्पना चांगली होती, रस्ते पण रुंद होते. पण बसची स्वतंत्र लेन सलग कधीच मिळाली नाही, जिथे रस्ता मोकळा तिथे लेन आणि जिथे खरी कोंडी त्या चौकात लेन गायब, म्हणजे औषध नेमकं दुखणाऱ्या जागेवर लावायचंच नाही. लेनमध्ये दुचाकी घुसायच्या, स्टॉप रस्त्याच्या मधोमध आणि तिथपर्यंत पोचायला धड क्रॉसिंग नाही, म्हाताऱ्या माणसांनी धावत रस्ता ओलांडायचा. पुढे २०१५ पासून रेनबो बीआरटी आली, संगमवाडी-विश्रांतवाडी, औंध-रावेत, नंतर नगर रस्ता, ती आधीपेक्षा बरीच सुधारलेली होती, पिंपरी-चिंचवडच्या रुंद रस्त्यांवर तर ती चालली सुद्धा. पण नगर रस्त्यावरची बीआरटी २०२३ मध्ये उखडायला सुरुवात झाली, कारण दिलं गेलं ते वाहतूक कोंडीचं. मला याचं अजून वाईट वाटतं. दुरुस्त करण्यासारख्या गोष्टी होत्या, चौक नीट करायला पाहिजे होते, गाड्या वाढवायला पाहिजे होत्या. रिकामी दिसणारी लेन ही कारवाल्याला डोळ्यात खुपतेच, त्यामुळे लेन आखायच्या दिवशीच तिच्यात भरपूर बस सोडता आल्या पाहिजेत, नाहीतर ती लेन टिकत नाही. नाशिकमध्ये कोणी लेन सुचवली तर पहिला प्रश्न हाच विचारा की तिथे तासाला किती बस जाणार.

दुसरं उदाहरण पुण्याच्याच विद्यापीठ चौकातल्या उड्डाणपुलांचं. बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते पाडले, कारण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या आड येत होते, आणि आता त्याच जागी खाली वाहनांसाठी आणि वर मेट्रोसाठी असा दुमजली पूल. त्यात गेलेला पैसा वेगळाच, पण त्या चौकातून रोज जाणाऱ्या लोकांनी जी वर्षं बॅरिकेडमध्ये काढली त्याचा हिशोब कुणी करत नाही. पूल एका खात्याने बांधला, मेट्रो दुसऱ्याची, बस तिसऱ्याची, सिग्नल पोलिसांकडे, आणि सगळ्यांना एका टेबलावर बसवून "हा रस्ता वीस वर्षांनी काय असणार आहे" असं विचारणारं कुणी नाही. आता पुम्टा नावाची एकत्रित समिती आहे, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली बैठका होतात, पण बैठक घेणाऱ्याच्या हातात बजेट नसेल तर निर्णय परत आपापल्या खात्यातच होतात.

मेट्रोबद्दल मी विरोधात नाहीये, स्वतः वापरतो, वनाज ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट या दोन्ही लाइन मिळून साधारण ३३ किलोमीटर झाल्यात आणि प्रवास सुखाचा आहे. पण वेळ बघा. केंद्राची मंजुरी डिसेंबर २०१६ ला, पहिला टप्पा मार्च २०२२ ला, स्वारगेटपर्यंत पोचायला सप्टेंबर २०२४, आणि मंजुरीच्या आधीची चर्चेची वर्षं यात धरलेलीच नाहीत. एवढ्या काळात शाळेतली मुलं कॉलेजात जाऊन नोकरीला लागली आणि बहुतेकांनी अठरा पूर्ण होताच दुचाकी घेतली. एकदा घेतली की ती सुटत नाही, त्याचं कारण पण साधं आहे. पेट्रोल शंभरच्या वर धरलं आणि स्कूटर पंचेचाळीसचं अॅव्हरेज देत असेल तर किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये, म्हणजे चार किलोमीटरला दहाच्या आत-बाहेर. पीएमपीएमएलचं, म्हणजे पुण्याच्या बसचं, किमान तिकीट जून २०२५ पासून पाचाचं दहा झालं. नवरा-बायको दोघं चार किलोमीटर जाणार असतील तर बसला वीस, स्कूटरला दहा, आणि वाट बघणं नाही. तिकीट वाढवून तोटा भरून काढायला गेलं तर आपणच लोकांना शोरूमच्या दारात नेऊन सोडतो. आजही पुण्यात मेट्रोपेक्षा बसने जाणारी माणसं कितीतरी पटीने जास्त आहेत, रोज दहा लाखांच्या घरात, पण चर्चा, फोटो, उद्घाटनं कशाची होतात ते तुम्हीच बघा.

नाशिकची मेट्रो निओ २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये आली होती, २,०९२ कोटींची तरतूद सांगितली होती, वरच्या मार्गावरून विजेच्या तारांवर चालणाऱ्या लांब रबरी टायरच्या बस अशी कल्पना. ती येईल तेव्हा येऊ दे, पण तिच्यासाठी थांबू नका. निओचा जो मार्ग ठरला होता त्याच रस्त्यांवर आत्ताच साध्या बसची दहा मिनिटांची सेवा उभी केली तर दोन वर्षांत कळेल की कुठल्या स्टॉपवर किती माणसं चढतात, आणि उद्या मेट्रो करायची वेळ आली तर अंदाजपंचे आकडे लिहावे लागणार नाहीत.

फुटपाथबद्दल थोडं. बसने जाणारा प्रत्येक माणूस दोन्ही टोकांना चालतो, म्हणून फुटपाथ हा बसचाच भाग आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक कमीत कमी १.८ मीटर मोकळी जागा आणि जास्तीत जास्त १५ सेंटीमीटर उंची असं आहे. प्रत्यक्षात गुडघ्याच्या थोडा खाली येईल एवढा उंच फुटपाथ, प्रत्येक सोसायटीच्या गेटला खाली उतरून परत चढायचं, मधेच एमएसईबीचा डीपी, पुढे झाडाचा कट्टा, मग बाइक चढू नयेत म्हणून लावलेले लोखंडी खांब ज्यातून व्हीलचेअरही जात नाही. गुडघे दुखणारी आजी त्यावरून दहा पावलं जाते आणि मग रस्त्यावर उतरून गाड्यांच्या कडेने चालायला लागते. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, जंगली महाराज रस्त्यावर त्या विचाराने काम झालं आणि तिथे संध्याकाळी गेलात तर लोक नुसते बसायला आलेले दिसतात, मुलं खेळतात. म्हणजे आपल्याकडे हे होऊ शकतं. पण ते मोजक्या देखण्या रस्त्यांपुरतं राहिलं, बसस्टॉपच्या आसपासच्या साध्या गल्ल्यांपर्यंत पोचलं नाही. चेन्नई महापालिकेने २०१४ मध्ये धोरणच केलं की वाहतुकीच्या बजेटमधला ६० टक्के हिस्सा चालणाऱ्यांसाठी आणि सायकलसाठी. तिथेही सगळं साधलंय असं नाही, पण धोरणात टक्का लिहिलेला असला की नागरिकांना भांडायला जागा मिळते.

शहराच्या कडांकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण वाढत्या शहरात चूक तिथे होते आणि ती परत दुरुस्त होत नाही. पुण्यात २०१७ ला ११ गावं आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली, पण त्याच्या कितीतरी आधी तिथे टॉवर उभे राहिले होते, शेतातल्या पाणंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा मजले. आता तिथे बस न्यायची म्हटलं तर वळायला जागा नाही, रस्ता रुंद करायचा तर भूसंपादनाचे पैसे नाहीत. अहमदाबादने हेच काम टीपी स्कीमने (नगररचना योजनेने) केलं, सगळ्या जमीनमालकांची जमीन एकत्र करायची, रस्ते, शाळा, बागेची जागा काढून घ्यायची आणि उरलेले नीट आखलेले प्लॉट परत द्यायचे. आपल्या राज्याच्या १९६६ च्या एमआरटीपी या नगररचना कायद्यातही तशी तरतूद आहे. तुमच्याकडे मखमलाबादला प्रयत्न झाला तेव्हा शेतकऱ्यांचा विरोध झाला, आणि त्यांची भीती समजण्यासारखी आहे, जमीन आज जाणार आणि मोबदला कधी येणार याची खात्री कोण देणार. पण ती खात्री लेखी आणि मुदतीसकट देऊन हे काम पुढे न्यायलाच पाहिजे, दुसरा स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही. आणि स्कीम आखतानाच बस डेपो, बस वळायची जागा, चार्जिंगची जागा नकाशावर राखून ठेवायची, नंतर ती मिळत नाही.

पार्किंगवर एवढंच की पुण्याचं पार्किंग धोरण २०१८ मध्ये मुख्य सभेत मंजूर झालं आणि रस्त्यावर काही उतरलं नाही. मोक्याच्या रस्त्यावरची जागा फुकट असेल तोपर्यंत तिथे गाड्या उभ्या राहणार आणि बस त्यांच्या मागे अडकणार.

तुम्ही नागरिक म्हणून काय करू शकता असंही विचारलंय. मी तुमच्या जागी असतो तर दोन रस्ते पकडले असते, नाशिकरोड-द्वारका-सीबीएस आणि सीबीएस-सातपूर. सिटीलिंकने जुलै २०२१ ला सुरुवात केली, गाड्या बऱ्या आहेत, पण ठेकेदार आणि कर्मचारी यांच्यातल्या पगाराच्या वादात वाहकांचे संप झाले आणि लोकांचा विश्वास तेव्हाच उडतो. त्यामुळे करारात पगार थकला तर महापालिका थेट देईल असं कलम आहे का ते माहिती अधिकारात मागवा. या दोन रस्त्यांवर सकाळी नऊ ते अकरा प्रत्यक्षात किती मिनिटांनी बस येते ते चार-पाच जणांनी मिळून आठवडाभर वहीत लिहा, बसमधलं जीपीएस आणि तुमची वही यातला फरक नगरसेवकासमोर आणि आयुक्तांसमोर ठेवा. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी रस्त्यांवर मोठा पैसा येतोय, त्यातून होणाऱ्या प्रत्येक रस्त्याचा क्रॉस सेक्शन, म्हणजे रुंदीत कशाला किती जागा दिली आहे तो आराखडा, आत्ता मागून बघा, फुटपाथ १.८ मीटर आहे का, बसस्टॉप कुठे आहे, चौकात बसला पुढे जायला जागा ठेवली आहे का. काँक्रीट पडल्यावर हे बदलत नाही. आणि महापालिकेचं बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, हरकती-सूचना त्याच्या आधी द्याव्या लागतात, तर डिसेंबरपासूनच मागे लागा.