फ्लोरा फाउंटन की हुतात्मा चौक?

प्रश्न : मुंबईला गेलो की काका हुतात्मा चौक म्हणतात आणि टॅक्सीवाले फाउंटन, दोन्ही एकच का?

उत्तर : हो, एकच. पूर्वी तिथे किल्ल्याचं चर्चगेट होतं, ते पाडल्यावर १८६४ मध्ये कारंजं उभं राहिलं, वर रोमन फुलदेवी फ्लोरा, म्हणून ते नाव. पण २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर इथेच गोळीबार झाला, माणसं गेली, आणि मग १ मे १९६० ला मुंबई राजधानी झाली ती त्यांच्यामुळेच हो! शेजारीच मशाल धरलेले शेतकरी-कामगार आहेत बघा, पुढच्या वेळी तिथे दोन मिनिटं थांबाच. मी तरी हुतात्मा चौकच म्हणते.