वाचकांचे प्रश्न : सॅक पाठीवर, एसटीने कोकण

प्रश्न : आम्ही दोघे मित्र दापोलीहून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने, फक्त एसटीने जायचं म्हणतोय. सलग गाडी मिळेल का? (वाचक, नाशिक)

उत्तर : सलग गाडीच्या नादी लागू नका. मुंबई-गोवा महामार्ग समुद्रापासून बराच आतून, खेड, चिपळूण, हातखंबा, राजापूर, कणकवली असा जातो. किनाऱ्यावरच्या गावांना गाड्या सुटतात त्या तालुक्याच्या आगारांतून. म्हणून आधी आगारं ठरवा : दापोली, गुहागर, रत्नागिरी, मालवण. समुद्रकिनारे मग त्यांच्या आजूबाजूला बसवा.

दापोलीहून दाभोळची गाडी धरायची, धक्क्यावर फेरीबोटीत चढून वाशिष्ठीची खाडी ओलांडायची, की धोपावे. पायी प्रवाशाचं तिकीट किरकोळ असतं. घोळ होतो तो पलीकडे. बोटीतून उतरल्यावर गुहागरची गाडी समोर असेलच असं नाही, आणि तिची वेळ दापोलीच्या चौकशी खिडकीत विचारून उपयोग नाही, कारण ती गाडी गुहागर आगाराची. आदल्या दिवशी गुहागरलाच फोन लावा. जमलं नाही तर रिक्षाचे पैसे धरून ठेवा.

पुढे गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ. तिथून पुन्हा बोट, खाडीपलीकडे जयगड, मग गणपतीपुळे आणि रत्नागिरी. या बाजूच्या फेऱ्या शाळा आणि बाजाराच्या वेळेवर चालतात. सकाळ-संध्याकाळ गाडी, दुपारी शुकशुकाट. रविवारी आणि शाळेच्या सुट्टीत त्यातल्याही काही गळतात, त्यामुळे मे महिन्यात जुनं वेळापत्रक घेऊन निघालात तर फाट्यावर बसून राहाल.

वस्तीची गाडी मात्र नीट समजून घ्या. ती संध्याकाळी आगारातून सुटते, गावात मुक्काम करते आणि भल्या पहाटे परत फिरते. जाताना ती सोयीची, पण पोहोचेपर्यंत अंधार पडतो. तेव्हा राहायचं आधी ठरवूनच बसा. उतरताना वाहकाला सकाळची वेळ विचारून घ्या. तीच गाडी, तोच वाहक; याहून पक्की माहिती कुठे मिळणार?

रत्नागिरी ते मालवण मात्र किनाऱ्याचा हट्ट सोडा. खाड्या आणि वळणं यांत दिवस जातो. थेट गाडी नसेल तर महामार्गाने कणकवली गाठा आणि तिथून मालवण. कसालला उतरून मालवणची गाडी पकडता येते, पण तिथे ती भरून येते आणि सॅकसकट उभं राहावं लागतं. कणकवली स्टँडवर जागा मिळण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : ‘आवडेल तेथे प्रवास’ पास परवडतो का? (वाचक, सोलापूर)

उत्तर : हिशेब सोपा आहे. एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर लागतं, अर्धवट टप्पाही पूर्ण धरतात. जानेवारी २०२५च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा टप्पा दहा रुपयांच्या आसपास आहे. पासाच्या किमतीला दहाने भागा, सहाने गुणा. तेवढे किलोमीटर फिरलात की पैसे वसूल. पास ४ किंवा ७ दिवसांचा मिळतो. वर सांगितल्यासारखं रोज पन्नास-साठ किलोमीटर रमतगमत जाणार असाल तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतील. सोलापूर-रत्नागिरी-सावंतवाडी-सोलापूर अशा लांब उड्या असतील तर पास घ्या. आणि पास म्हणजे जागेची हमी नव्हे, आरक्षण वेगळं करावं लागतं.

प्रश्न : रात्रीच्या खासगी ट्रॅव्हल्सने रत्नागिरीला जावं का? (वाचक, ठाणे)

उत्तर : तिकिटावर ‘रत्नागिरी’ असलं तरी गाडी गोव्याकडे जाणारी असेल तर ती बहुधा हातखंबा तिठ्यावर सोडते. शहर तिथून १२-१३ किलोमीटर आत, आणि वेळ पहाटे तीनची. बुकिंग करतानाच उतरण्याचं ठिकाण विचारा. रत्नागिरी स्टँडवर जाणारी एसटी उशिरा पोहोचली तरी एकट्या प्रवाशाला आम्ही तीच सुचवू. गणपतीत दोन्हींचा भरवसा धरू नका. चाकरमान्यांसाठी जादा गाड्या लागतात, त्या दिवसांत आगारांच्या गावफेऱ्या कमी होतात.

प्रश्न : महिलांचं अर्धं तिकीट पणजीपर्यंत चालतं का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. मार्च २०२३पासूनची ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. हद्दीपलीकडचं भाडं पूर्ण लागतं. सावंतवाडी किंवा बांद्यापर्यंत अर्ध्या तिकिटात जाऊन पुढे गोव्याच्या कदंब गाडीने गेलात तरी चालतं, फक्त गाडी बदलावी लागते.

जाता जाता, पावसाळ्यात निघणाऱ्या सगळ्यांसाठी : खिडकीच्या काचांतून पाणी आत येतं, म्हणून सॅकमधले कपडे आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, मग सॅकमध्ये. घाटात मळमळत असेल तर मागच्या चाकांवरची आणि त्यामागची बाकं टाळा. वळणावर झोका तिथे सर्वांत जास्त बसतो. सुटे पैसे वेगळ्या खिशात ठेवा. वाहकाकडच्या मशीनवर यूपीआय चालतं, पण खाडीकाठच्या खोलगट गावांत रेंज गेली की तेही अडतं.