मूल विजेला घाबरतं तेव्हा

मे महिना सरत आला, वळवाचे ढग जमू लागले की माझ्याकडे एकच काळजी वेगवेगळ्या तोंडांनी येऊ लागते. ‘मॅडम, पोरगं विजेले लय घाबरते. असंच भित्रं राहीन का?’ अमरावती जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मी मुलांची समुपदेशक म्हणून काम करते. इथे येणारे बहुतेक पालक शेतकरी, दुकानदार, शिक्षक. आपलं मूल धीट व्हावं एवढीच त्यांची इच्छा असते, आणि ते तिन्हीत्रिकाळ एकच औषध देत असतात: ‘काही होत नाही.’

हे औषध का लागू पडत नाही, ते एका कुटुंबाच्या गोष्टीतून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलीला स्वरा म्हणू या. वय नऊ.

वडिलांचं कृषी केंद्र. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात ते मुलीला घेऊन आले. “पोट्टी पार बिघडली मॅडम. आभाय भरून आलं का न्हाणीत जाऊन बसते, आतून कडी लावून घेते. शाळेत असली तर मास्तरले फोन करावा लागते. मी सांगून सांगून थकलो.”

सुरुवात सुट्टीतल्या सहलीत झाली होती. आईवडील, स्वरा आणि तिचा चार वर्षांचा भाऊ अशी चौघं बोलेरोनं चिखलदऱ्याला गेली. गाविलगड पाहून झाला, आणि रात्री मुलांच्या हट्टानं पठारावर तंबू ठोकून मुक्काम केला. अंधार पडल्यावर वारा सुटला, मग गारा, मग विजा. बाप तंबूचा खांब धरून बसला, आईनं लहानग्याला पदरात घेतलं. बराच वेळ तसेच बसून त्यांनी वादळ काढलं. कुणाला काही इजा झाली नाही.

पण मधेच स्वरा उठून बाहेर पळाली. ओढून आत आणली तर पुन्हा पळाली. दुसऱ्यांदा बापानं तिला एक ठेवून दिली.

हे ऐकताना मी थांबले. घाबरलेलं मूल आईच्या कुशीत शिरतं. आडोसा सोडून गारांत, विजांत बाहेर पळत नाही. न्हाणीतही ती एकटीच जाते, कडी लावून घेते. घाबरलेल्याला सोबत हवी असते, हिला मात्र सोबत नको होती. माणसाला अस्वस्थ करते ती घटना नव्हे, त्या घटनेबद्दलची त्याची समजूत, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलं आणि मानसोपचारक कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलं. माझी घडण त्याच विचारात झाली. त्यामुळे भीती किती मोठी आहे हे मोजण्याआधी मी भीतीच्या पोटातलं वाक्य शोधते.

स्वराला मी विचारलं, “वीज चमकली की तुला नेमकं काय होईल असं वाटतं?”

उत्तर नाही. चित्र काढलं, गप्पा झाल्या, गोठ्यातल्या गायीचं नाव कळलं. पुढच्या भेटींतही मी तेवढाच प्रश्न पुन्हा, न घाई करता विचारत राहिले. एकदा बाहेर खरंच गडगडलं आणि ती खुर्चीवरून उठून दाराकडे निघाली.

“कुठे चाललीस?”

“तिकडे. तुमच्यापासून दूर.”

“माझ्यापासून दूर कशाला?”

“तुमच्यावर पडन ना मंग.”

“माझ्यावर का पडेल?”

ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “मी पायाळू आहो.”

इतकी वर्षं मी मुलांशी बोलते आहे, पण या वाक्यानं माझ्या अंगावर काटा आला. हे मूल भित्रं नव्हतंच. पायाआधी जन्मलेल्या माणसाकडे वीज ओढली जाते, हे तिनं आजीकडून ऐकलेलं. त्या रात्री तंबूत तिला वाटलं, वीज मला शोधत आली आहे आणि माझ्यामुळे भाऊही जाईल. म्हणून ती बाहेर पळत होती. घरी न्हाणीची कडी लावत होती तीही बाकीच्यांना वाचवण्यासाठी. बाप ‘काही होत नाही’ म्हणत होता तेव्हा तिच्या लेखी तो तिच्यापासून खरं लपवत होता, कारण खांब धरलेला त्याचा हात थरथरत होता आणि ते तिला दिसत होतं.

आणि ही समजूत नुसती ऐकीव नव्हती. गल्लीत कुणाची कंबर धरली, पाठीत उसण भरली की बाया घरी यायच्या, पालथ्या झोपायच्या आणि स्वरानं पाठीवर पाय लावायचा. ‘बरं वाटलं गं माय’ म्हणून जायच्या. पायात गुण आहे हे रोज सिद्ध होत असेल, तर विजेचं खोटं कसं मानावं? नऊ वर्षांच्या मुलीचा तर्क अगदी सरळ होता.

‘असं काही नसतं’ हे मी तिला सांगितलं नाही. ते तर बापानंही सांगितलं असतं. तिची समजूत तिनंच तपासायला हवी होती.

“तुमच्या गावात वीज कधी पडली?”

“पडली ना. बैलजोडीवर. वावरात.”

“बैल पायाळू होते?”

ती विचारात पडली. मी पुढे विचारलं, “तू गाय व्यालेली पाहिलीस?”

“हो. आमचीच.”

“वासराचं पहिले काय दिसलं?”

“खूर. पुढचे दोन पाय, मंग तोंड.” ती थांबली. डोळे मोठे झाले. “म्हणजे समदे बैल पायाळूच?”

मी काही बोलले नाही. आणि मग तिनं मला हवं तिथे न जाता भलतंच वळण घेतलं: “म्हणूनच पडली मंग बैलांवर!”

अशा वेळी मोठी माणसं घाईनं उत्तर देऊन मोकळी होतात. मी एवढंच विचारलं, “त्या दिवशी गोठ्यातल्या बैलांवर किती पडल्या?”

“गोठ्यात नाही पडली. ते दोघं निंबाखाली बांधले होते.”

“गोठ्यातले बैल कसे जन्मले होते?”

“तसेच.”

पुष्कळ वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे निंबामुळं.”

या क्षणासाठी मी हे काम करते. समजूत बाहेरून काढून घेता येत नाही, मूल ती स्वतःच्या हातानं खाली ठेवतं. नंतर मी तिला सांगितलं की जन्माच्या वेळी शंभरातली तीन-चार बाळं डोकं वर आणि पाय किंवा कुल्ले खाली अशी असतात. विजेला माणसाचा जन्म कळत नाही. तिला उंच झाड, उघडं माळरान आणि तिथला उभा माणूस सापडतो.

पण इथे पालकांना एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. मी तिला निर्भय केलं नाही, आणि तुम्हीही मुलाला तसं करू नका. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेनं मरतात. त्यात वावरात काम करणारी, ढोरं चारणारी माणसं फार. आपल्या भागात वीज ही खरी गोष्ट आहे. तिच्याबद्दल सावध असणं हा शहाणपणा आहे. ‘माझ्यामुळे सगळे मरतील’ हा जाच आहे. पहिलं राखायचं आणि दुसरं सोडवायचं.

म्हणून वडिलांसमोर त्या रात्रीची उजळणी केली. कापडी तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही. शंभर पावलांवर बोलेरो उभी होती. पहिला गडगडाट दूर असतानाच चौघांनी तीत बसून काचा वर करायला हव्या होत्या.

“टायर रबराचे असते म्हणून?” त्यांनी विचारलं.

“नाही भाऊ. टप लोखंडी असतो म्हणून. वीज वरच्या पत्र्यावरून वाहून जमिनीत जाते, आतल्या माणसाला सोडून. आत लोखंडाला हात लावायचा नाही.”

स्वरा लगेच म्हणाली, “मंग न्हाणीतल्या नळाले?”

नळालाही नाही. वीज कडाडत असताना नळ, पाइप आणि आंघोळ टाळावीच. तिची लपायची जागाच चुकीची होती, हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.

मुलाला अशा वेळी हाताला काम द्या. चमक दिसली की आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा टपाच्या गाडीत जायचं, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. हे काम स्वराला दिलं. आणि वडिलांना एक वाक्य दिलं: ‘मलेही भीती वाटते, म्हणून आपण आत बसलो आहो.’ ते म्हणायला त्यांना जड गेलं. बापानं पोरांसमोर असं बोलावं का, हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक बाप विचारतो. बोलावं. थरथरता हात मुलाला दिसतोच. त्याच्यासोबत खरं वाक्य आलं तर मूल तुमचं पुढचं वाक्यही ऐकतं.

आजीला मी मुद्दाम बोलावलं. तिला दोष दिला नाही, तिनं नातीला जपण्यासाठीच सांगितलं होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, “माय, मले काय मालूम पोट्टी एवढं मनाले लावन.” मग जरा वेळानं, “पण उसणीचं काय करू? बाया तर येतातच.”

“गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायला सांगा. नाही उतरली तर दवाखाना. स्वराला बोलवायचं नाही.”

आजीनं ते पाळलं. एक-दोन शेजारणी रागावल्या, त्याला इलाज नाही.

स्वराला अजूनही कडकडाट आवडत नाही. मोठा आवाज झाला की ती कान झाकते, पण खोलीत सगळ्यांसोबत बसून. वडिलांनी हिवाळ्यात गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला सहलीला जायचं ठरवलं आहे. तंबूला तिची हरकत नाही, पण गाडी किती पावलांवर उभी करायची हे ती ठरवणार आहे.