वाचकांचे प्रश्न: ५५० विरुद्ध शून्य, हे खरं आहे का?

प्रश्न: कुठेतरी वाचलं की १९०१ साली अमेरिकेतल्या मिशिगन युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमने अख्ख्या सीझनमध्ये ५५० पॉइंट केले आणि त्यांच्याविरुद्ध एकही झाला नाही. थाप आहे ना ही?

उत्तर: थाप नाही हो, शंभर टक्के खरं आहे. अकरा मॅच, अकरा जिंकल्या. विश्वास नसेल तर स्वतः बेरीज करा: आल्बियन ५०, केस ५७, इंडियाना ३३, नॉर्थवेस्टर्न २९, बफेलो १२८, कार्लाइल २२, ओहायो स्टेट २१, शिकागो २२, बेलॉइट ८९, आयोवा ५० आणि शेवटी स्टॅनफर्ड ४९. समोरच्या रकान्यात सगळीकडे शून्य. आणि हा अमेरिकन फुटबॉल बरं का, लांबट बॉल पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी तुम्हाला आडवं पाडायचं, तो. त्यात तेव्हा टचडाउनला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे नेण्याला, पाचच पॉइंट मिळायचे, सहा मिळायला लागले १९१२ पासून, म्हणजे आजच्या हिशोबाने हा आकडा अजून फुगला असता.

प्रश्न: मग समोरच्या टीम अगदीच लिंबूटिंबू होत्या का? नाहीतर एवढे पॉइंट होतातच कसे?

उत्तर: काही होत्याच, खोटं कशाला बोलू. आल्बियन, बेलॉइट ही छोटी कॉलेजं, त्यांना ५० आणि ८९ ने धुतलं यात फार कौतुक नाही. पण शिकागोचा कोच होता अमोस अलोन्झो स्टॅग, त्या काळातलं फार मोठं नाव, त्याची टीमही शून्यावरच राहिली. मला विचाराल तर ५५० पेक्षा ते शून्य जास्त भारी आहे, कारण पॉइंट दुबळ्या टीमसमोर कोणीही करेल पण अकराच्या अकरा मॅचमध्ये एकदाही ढिलं पडायचं नाही हे अवघड.

आता कसं जमलं ते. त्या वर्षी मिशिगनला नवा कोच आला, फील्डिंग योस्ट, तिशीतला, वेस्ट व्हर्जिनियाचा, तोंडाची टकळी अखंड चालू. पोरांना सारखा ‘हरी अप, हरी अप’ म्हणून ओरडायचा म्हणून त्याचं नावच हरी अप योस्ट पडलं. पण ती नुसती आरडाओरड नव्हती, त्यामागे डोकं होतं. तेव्हाचे नियम बघा, तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जायचं, नाहीतर बॉल समोरच्याला. बॉल पुढे फेकायला बंदी (ती उठली १९०६ मध्ये). मग राहिलं काय, तर घोळका करून ढकलाढकली, एकावर एक ढीग पडायचा, मग सगळे निवांत उठणार, धूळ झटकणार, श्वास घेणार, पुन्हा रांगेत. योस्टने हा निवांतपणाच काढून टाकला. मिशिगनचा क्वार्टरबॅक (चाली ठरवून सुरू करणारा खेळाडू) बॉस वीक्स ढिगातून लोक उठत असतानाच पुढच्या चालीचे सिग्नल ओरडायचा, समोरचे अजून गुडघ्यावर असायचे तोवर बॉल निघालेला. त्यात त्या काळी तेच अकरा जण अटॅकही करायचे आणि डिफेन्सही, आणि एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकायचा नाही, त्यामुळे दमलेला माणूस मैदानात तसाच दमत राहायचा आणि दुसऱ्या हाफमध्ये समोरची टीम पार कोलमडायची. आणि हो, विली हेस्टनसारखा हाफबॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी, हाताशी होता हे विसरून चालणार नाही, कोचची आयडिया कितीही चांगली असली तरी पळणारे पाय लागतातच.

प्रश्न: बफेलोचा १२८ वाला किस्सा काय आहे?

उत्तर: वीसपेक्षा जास्त टचडाउन झाले त्या एका मॅचमध्ये. आणि त्याचा जो किस्सा सांगतात तो असा की मॅच चालू असताना योस्टला आपल्याच बाकावर एक बफेलोचा खेळाडू बसलेला दिसला. योस्ट म्हणाला बाबा, तू चुकीच्या बाजूला आलायस. तो म्हणाला नाही, मी बरोबर जागी आहे. मीठमसाला लागला असेलही, पण १२८ चा स्कोर बघितला की त्या पोराचं पटतं.

प्रश्न: सीझन संपला तो पहिल्या रोझ बोलने (पॅसाडीनातली नववर्षाच्या दिवशीची फुटबॉल मॅच) असं म्हणतात. स्टॅनफर्डने मध्येच मॅच सोडली होती का?

उत्तर: सोडलीच म्हणायची. पण त्याआधीची गंमत ऐका. योस्ट १९०० साली स्टॅनफर्डचाच कोच होता! तिथे नियम आला की कोच आपल्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी हवा, आणि योस्टला निघावं लागलं. पुढच्याच सीझनचा शेवट काय, तर तो मिशिगनला घेऊन स्टॅनफर्डसमोर उभा. १ जानेवारी १९०२, कॅलिफोर्नियातलं पॅसाडीना. मिशिगनने पूर्ण मॅच अकराच खेळाडूंवर काढली, एकही बदली नाही. नील स्नोने एकट्याने पाच टचडाउन केले. आठ मिनिटं बाकी असताना स्टॅनफर्डच्या कॅप्टननेच थांबूया म्हणून सांगितलं, स्कोर ४९-०. असली एकतर्फी मॅच बघून आयोजकांचा फुटबॉलवरचा उत्साहच गेला, नंतर त्यांनी चक्क रथांच्या शर्यती ठेवल्या आणि फुटबॉल तिथे परत आला तो थेट १९१६ ला.

प्रश्न: मग ही टीम हरली तरी कधी?

उत्तर: चार वर्षांनी. मधल्या काळात १९०३ ला मिनेसोटाने ६-६ असं बरोबरीत रोखलं, बाकी सगळे विजय, सलग ५६ मॅच एकही पराभव नाही. मग १९०५. हे साल या खेळासाठीच वाईट होतं, देशभरात मैदानावर इतके जण दगावले की प्रेसिडेंट रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं, बॉल पुढे फेकायची परवानगी वगैरे सगळं त्या गदारोळातूनच पुढे आलं. मिशिगनचं मात्र मस्त चाललं होतं, शेवटच्या मॅचपर्यंत पुन्हा ४९५ विरुद्ध शून्य. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोत स्टॅगच्या टीमशी मॅच, कोणाचाच पॉइंट होईना. शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलने लांब किक मारली, बॉल मिशिगनच्या गोललाइनच्या मागे गेला, मिशिगनच्या पोराने तो तिथेच पडू द्यायचा सोडून उचलून बाहेर पळायचा प्रयत्न केला आणि शिकागोवाल्यांनी त्याला धरून परत मागे ढकललं. आपल्याच गोललाइनच्या मागे असं पकडलं जाणं म्हणजे सेफ्टी, त्याचे समोरच्याला दोन पॉइंट. मॅच २-० अशीच संपली, म्हणजे अख्ख्या सीझनमध्ये मिशिगनने दिले ते दोनच पॉइंट.