१९४७ चा 'गुड न्यूज' आज बघण्यासारखा आहे का?

तुम्हाला कॉलेजातल्या प्रेमावरचा गाण्यांनी भरलेला, हलकाफुलका जुना सिनेमा हवाय आणि कुणीतरी एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओचा 'गुड न्यूज' सुचवलाय. बघाच. मी तीनदा बघितलाय. तिसऱ्यांदा याच पावसाळ्यात, सावंतवाडीला घरी आईसोबत, संध्याकाळी लाइट जायच्या आत संपावा म्हणून भरदुपारी. दीड तासाचाच आहे.

गोष्ट १९२७ सालची. टेट कॉलेजच्या फुटबॉल टीमचा हिरो टॉमी, म्हणजे पीटर लॉफर्ड. (हा अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा. नियम कळले नाहीत तरी काही अडत नाही.) पैशावर डोळा असलेली पॅट त्याला भाव देत नाही आणि बोलताना फ्रेंच शब्द फेकत असते. तिच्यावर छाप पाडायची म्हणून हा फ्रेंच शिकायला निघतो. शिकवणार कॉनी, शिकता शिकता लायब्ररीत काम करणारी मुलगी. जून अ‍ॅलिसनने केलीय.

कॉनीसाठी मी हा सिनेमा परत परत बघते. मी स्वतः 'कमवा आणि शिका'त दोन वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत होते. जुलैत कार्डं दमटपणाने फुगायची, खणात बसायची नाहीत, पुस्तकांच्या पाठीवर पांढरी बुरशी यायची. ती सुक्या फडक्याने पुसत असताना एकदा वर्गातला एक मुलगा आला आणि दुसऱ्या एका मुलीसाठी इंग्रजीत चार ओळी लिहून मागितल्या. मला तो आवडायचा. मी लिहून दिल्या, स्पेलिंगही दोनदा तपासलं. कॉनी पुस्तक उघडून टॉमीला दुसरीसाठी फ्रेंच शिकवते तेव्हा तिच्या आवाजात जो नीटनेटकेपणा आहे, तो मला ओळखीचा आहे. आई मध्येच म्हणाली, "तां लायब्ररीतलां चेडू बरां आसा गो." (चेडू म्हणजे मुलगी.) तिला इंग्रजी येत नाही.

ते शिकवणीचं गाणं, 'द फ्रेंच लेसन', सिनेमातलं सगळ्यात सुंदर काम आहे. हा सिनेमा ज्यावरून घेतला त्या १९२७ च्या ब्रॉडवेवरच्या (न्यूयॉर्कची नाट्यनगरी) संगीत नाटकात ते नव्हतं, सिनेमासाठी नव्याने लिहिलं. शब्द, उच्चार, परत शब्द, आणि त्या पाठातूनच गाणं तयार होतं. शिकता शिकवताच दोघं जवळ येतात. गंमत म्हणजे लॉफर्डला खऱ्या आयुष्यात फ्रेंच उत्तम यायचं, तरी तो इतक्या मनापासून अडखळतो! पटकथा बेट्टी कॉमडेन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन यांची, त्यांची पहिलीच. दिग्दर्शक चार्ल्स वॉल्टर्स मुळात नृत्य बसवणारा, त्याचाही हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. म्हणूनच माणसं चालता चालता कधी नाचायला लागली ते कळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. 'पास दॅट पीस पाइप' या गाण्याला ऑस्करचं नामांकन होतं आणि जोन मॅक्रॅकन त्यात विजेसारखी नाचते. पण अमेरिकेतल्या मूळ जमातींची नावं त्यात नुसती मजेसाठी वापरलीत. ते आज खटकतं, मला तर फारच. नाच मात्र बघा.

बाकी मॅचचा भाग थोडा लांबलाय आणि पॅटला लेखकांनी अगदीच उथळ ठेवलंय. शेवटच्या 'व्हर्सिटी ड्रॅग'मध्ये अख्खं कॉलेज नाचतं. आमच्या गॅदरिंगला पत्र्याच्या मांडवात रात्री अकराला शेवटचा ग्रुप डान्स लागला की मागच्या बाकांवरची पोरंही उठायची, तसंच वाटतं.

इंग्रजी सबटायटल्स लावून बघा. आणि 'द फ्रेंच लेसन' दोनदा लावा: पहिल्यांदा लॉफर्डकडे बघा, दुसऱ्यांदा फक्त कॉनीकडे.